तोंड हलव, आवाज काढू नको

मुंबईहून आमच्या बाजूला येणाऱ्या लांबच्या लोकल दोन जातींच्या. एक कसाऱ्याची, दुसरी आसनगावची. कसाऱ्याची आम्हाला घरी आणते. आसनगावची आम्हाला घराची आशा दाखवते आणि एक स्टेशन आधी उतरवून देते. आटगाव हे आसनगावच्या पुढचंच स्टेशन. पण हे एक स्टेशन केवढं असतं ते आसनगाव लोकलमधून उतरलेल्या आटगावकराला विचारा. पुढची कसारा येईपर्यंत तो फलाटावर येरझारा घालत असतो, नाहीतर हायवेला जाऊन कोणी ओळखीचं टेम्पोवालं थांबतंय का बघत असतो.

गाड्यांचं जे, तेच बाकी सगळ्याचं. नवी फॅशन, नवा सिनेमा, नवं गाणं, सगळं आसनगावपर्यंत वेळेत येतं आणि पुढे कसाऱ्याची वाट बघत बसतं. त्यामुळे १९७८ साली जगभर वाजलेला एक डिस्को ग्रूप मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सापडला, याची मला लाज वाटत नाही. गाडी लेट होती, एवढंच. पंचाईत झाली ती निराळीच. सापडल्यावर कळलं की तो ग्रूप गेली वीस वर्षं माझ्याच डब्यातून अपडाऊन करतोय.

आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही, म्हणूनच ते टिकलंय. संध्याकाळी टिटवाळ्याला गर्दी जरा सैल झाली की पिशव्यांतून टाळ निघतात, वरच्या कडीला टांगलेली ढोलकी खाली येते आणि बुवा खाकरतात. बुवा आमच्या आटगावचेच. कल्याणला एका दुकानात हिशेब लिहितात. वय सत्तरीकडे झुकलंय, पण निवृत्ती नावाची काही गोष्ट असते हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

मंडळात माझं काम टाळ वाजवण्याचं. मला घेतलं त्या पहिल्या आठवड्यात बुवांनी वासिंद ते आसनगाव माझं गाणं शांतपणे ऐकून घेतलं. आसनगावला गाडी थांबल्यावर म्हणाले, "तुजा टाळ बरा हाय. गाताना तोंड हलव, आवाज काढू नको."

तेव्हापासून मी तोंड हलवतोय. उगाच हलवायचं म्हणून नव्हे, जीव ओतून हलवतो. डोळे मिटतो, मान डोलावतो, वरच्या सुराला भुवया चढवतो. दारात लोंबकळणारे लोक एकमेकांना म्हणतात, "काय रंगलाय बघ गडी!" एकदा खर्डीच्या एका गृहस्थांनी मला त्यांच्या घरच्या पूजेला गायला बोलावलं. बुवांनी त्यांना बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं. गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू माझा पासच संपलाय.

तर या बुवांची एक गौळण आहे. शब्द जुने, चाल त्यांची स्वतःची. 'स्वतःची' हा शब्द बुवा दर वेळी मुद्दाम म्हणतात. खडवलीला धरली की वासिंदपर्यंत अख्खा डबा टाळी देतो. ज्याला एक ओळ येत नाही तोही दुसऱ्या फेरीला साथीला असतो. पत्ते खेळणारी मंडळी हुकूम टाकतात तो तिच्या समेवर. आमच्याकडच्या हळदीत बेंजोवाल्यांनीही ती उचलली, आणि बुवांनी त्यांना मोठ्या मनानं माफ केलं.

गेल्या पावसाळ्यात भाची आमच्याकडे राहायला आली. तिचं कॉलेज ठाण्याला, माझं ऑफिसही ठाण्याला, त्यामुळे एका संध्याकाळी दोघं एकाच गाडीनं निघालो. बुवांनी गौळण धरली तशी तिनं कानातली बोंडं काढली, गालातल्या गालात हसली आणि मोबाइल बुवांच्या दिशेनं धरला. मला भरून आलं. म्हटलं, नवी पिढी बिघडली म्हणतात ते खोटं आहे, पोर भजन रेकॉर्ड करतेय.

घरी आल्यावर पायसुद्धा धुतले नव्हते, तर म्हणाली, "मामा, बुवांची गौळण बोनी एम.ची आहे."

"कोण यम?"

"यम नाही. बोनी एम. सेव्हंटीजमधला डिस्को ग्रूप आहे. मोबाइलनं चाल ओळखली."

दिवेलागणीची वेळ, भजनाचा विषय आणि घरात यमाचं नाव. बायकोनं काही न बोलता देवापुढच्या निरांजनात तूप घातलं.

भाचीनं गाणं लावलं. नाव 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'. आधी नुसत्या आवाजांचा एक घुमारा आला आणि मग चाल सुरू झाली, तसा माझा हात आपोआप टाळ धरल्यासारखा झाला. चढ तोच, उतार तोच, परत फिरून येणं तेच. वासिंद कुठे येईल तेही मला डोळे मिटून सांगता आलं असतं. फक्त बुवांच्या जागी तीन बाया होत्या आणि त्यांच्यामध्ये एक बाप्या.

या बाप्याचं वर्णन करणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे. अंगात चकचकीत कपडे, शर्टाला बटणं असावीत पण ती लावायची असतात हे बहुधा माहीत नसावं, डोक्यावर केसांचा भारा, आणि नाचणं असं की हाडं एकमेकांना ओळखत नसावीत. आमच्याकडे जत्रेत कोणी असं नाचायला लागलं तर आधी भगताला बोलावणं जातं. भाचीनं दुसरी चार गाणी लावली. त्यांत याच्या तोंडून खोल विहिरीतून यावा तसा खर्जातला आवाज निघत होता.

"आवाज काय आहे पण गड्याचा!" मी म्हटलं.

"तो त्याचा नाहीच, मामा."

मग रात्री बारापर्यंत आम्ही मामा-भाची त्या ग्रूपचा इतिहास काढत बसलो. फ्रँक फारियन नावाचा एक जर्मन माणूस. शिकला स्वयंपाकाचं, रमला गाण्यात. १९७५ साली त्यानं एक गाणं बाजारात आणलं. त्यातला खर्जातला बाप्या तोच आणि वरच्या पट्टीतल्या बायाही तोच. टीव्हीवर एक ऑस्ट्रेलियन डिटेक्टिव्ह मालिका लागायची, तिच्यातल्या 'बोनी' या नावापुढे त्यानं एक 'एम' लावला आणि तेच नाव रेकॉर्डवर छापून टाकलं. गाणं चाललं. आता लोक म्हणायला लागले, ग्रूप दाखवा. ग्रूप होता कुठे? म्हणजे वरात निघाली, बँड लागला, आणि मग माणसं नवरा शोधायला धावली. १९७६ पर्यंत चौघं जमली. लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट मूळच्या जमैकाच्या, मेझी विल्यम्स माँटसेराट बेटावरची आणि आपला नाचरा बॉबी फॅरेल अरुबा बेटावरचा. रेकॉर्डवर गायचे लिझ, मार्शिया आणि खुद्द फारियन. मेझी आणि बॉबी स्टेजवर दिसायचे, पण रेकॉर्डवर त्यांचा आवाज नसायचा.

"म्हणजे ते दोघं काय करायचे?" मी विचारलं.

"तोंड हलवायचे."

मी उठून बसलो. बायको म्हणाली, "काय झालं? पाणी देऊ?" तिला काय सांगणार? हजारो मैलांवरचा, माझ्या आयुष्यात कधी न आलेला, बटणं न लावणारा एक माणूस अचानक माझा सख्खा भाऊ निघाला होता.

युरोप-अमेरिकेत अशा गोष्टींचा फार बाऊ करतात. याच फारियननं पुढे मिली व्हॅनिली नावाची जोडी उभी केली. १९९० साली तिला ग्रॅमी मिळालं आणि गाणारे गळे दुसऱ्यांचेच निघाले म्हणून त्याच वर्षी ते काढूनही घेतलं. मला यातला गुन्हा कळेना. आपल्याकडे १९३५ च्या 'धूपछाँव'पासून नट पडद्यावर ओठ हलवतोय आणि गाणारा आत उभा आहे. नटी झाडाला टेकून लता मंगेशकरांच्या आवाजात गाते, पब्लिक रडतं आणि डोळे पुसत घरी जातं. कोणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचं ऐकिवात नाही. आपण याला फसवणूक म्हणत नाही, प्लेबॅक म्हणतो. फारियन मुंबईत जन्मला असता तर त्याच्या गळ्यात शाल आणि हातात श्रीफळ असतं.

पुढचा आठवडा आमच्या घरात डिस्कोचा सप्ताह बसला. 'मा बेकर' हे १९७७ चं गाणं अमेरिकेतल्या एका दरोडेखोर आईवरचं. भाचीनं अर्थ सांगितला तसं बायकोनं पोळ्या लाटणं थांबवून ऐकलं. "चार मुलं आणि चारही आईच्या शब्दाबाहेर नाहीत," ती आमच्या एकुलत्या एक चिरंजीवांकडे बघत म्हणाली, "दरोडे घालतात, पण एकत्र तरी राहतात." 'ब्राउन गर्ल इन द रिंग' हे गाणं कॅरिबियन बेटांवरच्या मुलांच्या खेळातलं. पोरं गोल करतात, मधे एक मुलगी नाचते. माझ्या आईला ते पहिल्या ऐकण्यातच कळलं. "गौर आणल्यावर आमी फेर धरायचो, तेच हाय की," ती म्हणाली. तिला डिस्को म्हणजे काय ते माहीत नाही, पण फेर म्हणजे काय ते तिला कोणी शिकवायला नको.

'रासपुतीन' भाचीला आधीच पाठ होतं, कारण अलीकडे त्याचं नवं रूप रीलवर फिरत होतं. हा रासपुतीन म्हणजे रशियाच्या राणीला नादी लावणारा एक बुवा. 'बुवा' हा शब्द उच्चारताना मी दार लावून घेतलं. १९७८ च्या डिसेंबरात ग्रूपचे मॉस्कोत कार्यक्रम झाले, तेव्हा तेवढं हे गाणं वगळलं गेलं होतं. रासपुतीनला १९१६ च्या ३० डिसेंबरला, आजच्या सेंट पीटर्सबर्ग शहरात ठार मारलं. आणि बॉबी फॅरेल गेला तो २०१० साली. शहर सेंट पीटर्सबर्ग, तारीख ३० डिसेंबर. आदल्या संध्याकाळी कार्यक्रम करून तो हॉटेलवर परतला होता.

आम्ही थोडा वेळ कोणीच बोललो नाही. मग बायको म्हणाली, "तोंड हलवणाऱ्यांनी जपून राहावं."

पण माझं मन अजून त्या गौळणीपाशीच घुटमळत होतं. बुवांची 'स्वतःची' चाल! इतकी वर्षं आम्ही मान डोलावली. मला काही फार मोठा माणूस व्हायचं नव्हतं, पण ज्या माणसानं माझा आवाज बंद केला त्याची चोरी सापडल्याचा आनंद मला झाला नाही असं म्हटलं तर विठ्ठल मला विचारेल. मात्र चोराचा माग काढत निघालो आणि चोर काही संपेनात. बप्पी लाहिरींचं 'प्यारा दुश्मन'मधलं 'हरि ओम हरि' घ्या. १९८० चं, उषा उत्थुप यांनी गायलेलं. तेही फारियनच्याच घरचं, त्याच्या इरप्शन नावाच्या दुसऱ्या ग्रूपनं १९७९ ला गायलेल्या 'वन वे तिकीट'वरून घेतलेलं. म्हणजे या स्वयंपाक्याकडून आलेल्या चालीत हरीचं नाव घालणारे आमचे बुवा पहिले नव्हेत. बाकी 'वन वे तिकीट' ही कल्पनाच आम्हा पासवाल्यांना परकी.

आणि 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' तरी कुठे बोनी एम.चं होतं? ते जमैकाच्या मेलोडियन्स नावाच्या गायकांनी १९७० मध्येच गायलं होतं. बोनी एम.नं त्याला नाचायला लावलं, आणि १९७८ साली एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या वीस लाखांच्या आसपास रेकॉर्डी खपल्या. मग मेलोडियन्सना शब्द कुठून मिळाले? बायबलमधून. स्तोत्रसंहितेतलं १३७ वं स्तोत्र. इसवी सनापूर्वी ५८६ साली बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, राजानं यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि तिथल्या लोकांना धरून नेलं. ते लोक तिथल्या नद्यांच्या काठी बसून आपल्या गावाच्या आठवणीनं रडतात. ज्यांनी धरून आणलं तेच म्हणतात, एखादं गाणं म्हणून दाखवा की. तेव्हा हे आपली वाद्यं झाडाला टांगून ठेवतात आणि विचारतात, परक्या मुलखात देवाचं गाणं म्हणायचं तरी कसं?

हे वाचलं आणि मला वरच्या कडीला टांगलेली ढोलकी दिसली.

हे स्तोत्र बोनी एम.नं ठाणे जिल्ह्यात आणलं असं मी म्हणणार नाही. ठाण्यात १८७९ सालचं सिनेगॉग आहे. तिथल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल मंडळींना ते डिस्कोच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असणार. आणि पाण्याच्या काठी बसून रडण्याचं म्हणाल, तर आमच्या शहापूर तालुक्याला ते बाहेरून कोणी शिकवायची गरजच नाही. आमच्या शेजारी तानसा धरण, १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. पलीकडे भातसा, तेही मुंबईला पाणी देतं. आणि उन्हाळा लागला की आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. बाबेलच्या बंदिवानांना निदान नदीतलं पाणी प्यायची बंदी नव्हती.

शेवटी एका रविवारी मोबाइल घेऊन बुवांच्या ओटीवर गेलो. मनात वकिलासारखी जुळवाजुळव केली होती. बुवा सुपात वाल निवडत बसले होते. काही न बोलता मी त्यांच्या कानाशी मोबाइल धरला. बुवांचा हात सुपातच थांबला. गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत.

मग म्हणाले, "बाया शिस्तीत गातात. पण लय संथ. आमी वासिंदला यापेक्षा वर नेतो."

"बुवा, ही तुमची चाल..."

"व्हय. ढापलीन भडव्यांनी."

"बुवा, हे गाणं १९७८ चं आहे."

बुवांनी वालाचे दोन खडे वेचून अंगणात टाकले. बोटांवर काहीतरी मोजलं. "मी बांधली एक्क्यांशी साली," ते म्हणाले. "मंग ऱ्हाऊ दे."

आणि मग वाल निवडता निवडता त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत डब्यात कधी निघालं नव्हतं. बुवा तेव्हा मुंबईत गिरणीत बदली कामगार होते. माझगावला एका खोलीत दहा-बाराजण, पाळीपाळीनं झोपायचे. समोरच गोव्याच्या लोकांची कूड, म्हणजे राहायची सामाईक जागा, होती. तिथं एक पोरगा बोटीवर नोकरी लागायची वाट बघत बसलेला असायचा. त्याच्याकडे ट्रंपेट होतं. रोज संध्याकाळी जिन्यात बसून तो ही एकच चाल वाजवायचा. त्याला बुवांची भाषा धड येत नव्हती, बुवांना त्याची. "पण वाजवाया लागला का मला आटगाव दिसाचं," बुवा म्हणाले. "मंग मी तीत गौळण बसवली. त्यो वाजवाचा, मी म्हनाचो."

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. संपात गिरणी गेली, खोली गेली. चाल राहिली. ती घेऊन बुवा कसाऱ्याच्या गाडीनं आटगावला परत आले.

मी त्यांना स्तोत्राची गोष्ट सांगितली. नदी, बंदिवान, झाडाला टांगलेली वाद्यं, सगळं. मेलोडियन्स सांगितले, जर्मन स्वयंपाकी सांगितला. बुवांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे पयल्यापासनं देवाचंच हाय ना?"

"हो."

"मंग मी क्याला चोर? देवाचं व्हतं, देवाला दिलं. मदल्या मदी लोकांनी नाचून घेतलं, घेऊ दे."

माझं सगळं वकीलपण तिथंच वालाच्या टरफलात गेलं. उठता उठता मी त्यांना बॉबीची गोष्टही सांगितली, जगभर फिरला, नुसतं तोंड हलवून नाव कमावलं. म्हटलं, बुवांना निदान एवढं तरी वाटेल की माझं काम काही साधं नाही. बुवांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "त्यो नाचाचा पन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिटवाळ्याला ढोलकी कडीवरून उतरली. खडवलीला बुवांनी गौळण धरली. 'माझी स्वतःची' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि नुसतेच खाकरले. डबा टाळी द्यायला लागला. बाहेर पाऊस होता, खिडकीतून शिंतोडे आत येत होते. दोन तास उभं राहून आलेली माणसं डोळे मिटून डोलत होती. मी नेहमीसारखा तोंड हलवत होतो. डोळ्यांपुढे माझगावच्या जिन्यातला तो ट्रंपेटवाला पोरगा आला, बटणं न लावलेला बॉबी आला, नदीकाठची ती माणसं आली, आणि वासिंदचा फलाट लागताना मला राहवलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा मी आवाज काढला. एकच ओळ, पण पूर्ण.

ढोलकी थांबली. टाळ थांबले. पत्तेवाल्यांचा हुकूम हातातच राहिला.

बुवांनी डोळे न उघडता विचारलं, "कोन रडतंय रं?"